चिंधू तांबटाचं वेटोळं

मणियारांच्या सलीमने ते टेबलावर ठेवलं
माझ्या पोळीच्या डब्याशेजारी,
जुन्या बेडशीटच्या तुकड्यात गुंडाळलेलं:
एकोणीसशे अकराच्या मोटारीचा मॅग्नेटो.
"निमसेबाई, गाडी चांदवडच्या शेडात उभीये.
हँडल मारून मारून शेठचा खांदा उतरला."

अंबडला मी एकवीस वर्षं वाइंडिंगला होते.
मिनिटाला चार हजार फेरे, समोर काउंटर.
तार तुटली की मशीन आपोआप थांबायचं
आणि सुपरवायझर यायचा.
इथे घोड्याच्या नालेसारखी दोन चुंबकं,
मधे फिरणारं लोखंड,
त्यावर कुणीतरी न मोजता
किंवा फक्त मनात मोजत
भरलेली तार.

उलगडायला बसले.
केसाहून बारीक तांबं, त्यावर रेशीम.
कंपनीचं रेशीम हिरवं असतं म्हणतात.
हे डाळिंबी होतं.
बोटांना आधी कळलं, मग मला:
येवल्याचं. काठ विणून उरलेलं,
हाताने तारेवर चढवलेलं,
वीतभर, पुन्हा वीतभर,
अशी हजारो वीत.
थराथरात लाख. सलीम नाक लावून म्हणाला,
"ही तर बांगड्यांची. आमच्या भट्टीचा वास."
असेल.

कंडेन्सर गरम केला तेव्हा
कथलाच्या वर्खांमधून मेण वितळलं
आणि कागदावर अक्षरं आली.
मोडी. लेखणी न उचलता लिहिलेली,
कुठेही न तुटलेली.
मला त्यातलं फक्त एवढंच वाचता आलं,
की हा माणूस तार भरावी तसं लिहितो.

घारपुरे सरांनी भिंग धरलं, घसा खाकरला:
"लाख पाव शेर. रेशीम दोन तोळे, येवले.
प्लॅटिनम मिळाले नाही, तूर्त चांदी.
कसाऱ्याचे घाटात बंद. धुके.
फिरून बंद. तेल शिरले.
फिरून बंद. लाख वाळू दिली नाही, घाई केली.
तारेकडे दोष नाही, मजकडे आहे.
चिंधू तांबट. येणे रुपये साडेसात."
सर थांबले. "पुढे जमा काही दिसत नाही."

आमच्याकडे कॉइल परत आली
की तिच्यावर चिकटवलेलं असायचं: ऑपरेटर एकशे चौदा.
ती मी.
पण ते दुसऱ्याने लिहिलेलं असायचं.

मी परत भरायला घेतलं.
तांबट लेनमध्ये आता ठोक्यांचा आवाज कमी,
स्टीलची दुकानं जास्त,
चिंधूचं घर विचारलं तर
"कोणता चिंधू?" म्हणाले.
तार पुण्याहून मागवली, इनॅमलची.
रेशमाची गरज नव्हती. तरी
शेवटच्या थरावर डाळिंबी धागा घेतला,
सलीमला सांगितलं, ओल धरू नये म्हणून.

पहिल्यांदा फिरवलं तर ठिणगी आतच पळाली,
वेटोळ्याच्या पोटात, निळसर, चोरटी.
लाख ओली होती.
म्हणजे चिंधूने शंभर वर्षांपूर्वी
माझीच चूक लिहून ठेवली होती
आणि मी ती वाचूनही केली.

मग आठ दिवस काही केलं नाही.
खिडकीत उन्हाला ठेवून दिलं,
पापड ठेवावेत तसं,
कावळ्यांवर लक्ष ठेवत.

नवव्या दिवशी सलीमने हाताने फिरवलं.
दोन टोकांमधे पाच मिलिमीटर हवा,
आणि हवेला आरपार भोक पडलं, पांढरं,
टच् असा आवाज करत.
त्याने बोट जवळ नेलं. नको म्हणेपर्यंत
सलीम भिंतीला टेकलेला, हसतोय,
"बाई, जिवंत आहे!"

रविवारी फोन आला. गाडी चालू झाली,
एका हँडलमध्ये, शेठ रडले म्हणे,
आणि टोलनाक्याशी पोचून बंद पडली.
मी वही ओढली, पेन्सिलीने लिहिलं:
टोलनाक्याशी बंद. दोष मजकडे.
खाली नाव.

दहा मिनिटांनी परत फोन.
पेट्रोल संपलं होतं.

खोडरबर समोरच होतं.
राहू दिलं.